सव्वा तासाचा उपदेश आणि ओसरीवरची लेकरं

मंगळवार, ३ जानेवारी १९३३. अकोला.

काल संध्याकाळच्या गाडीने इथे पोचलो. थोर पाळकांची चरित्रे पुढे त्यांच्या दैनंदिन्यांवरूनच लिहिली जातात, म्हणून आजपासून लिहायचे ठरवले आहे, आणि अक्षर दुसऱ्याला वाचता येईल असे काढायचे.

प्रथम वस्तुस्थिती. मी सहदेव पाटोळे, वय एकतीस, नगरच्या मिशन शाळेत सात वर्षे तिसरीचा मास्तर. सुट्यांमध्ये अभ्यास करून पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, परीक्षा दिल्या, पास झालो, आणि आता इथल्या ख्रिस्ती मंडळीत साडेतीन महिन्यांसाठी उमेदवार म्हणून आलो आहे. पुनरुत्थानाच्या रविवारानंतरच्या सोमवारी, म्हणजे ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, मंडळीचे सभासद माझ्यावर मत देतील. बहुमत मिळाले तर पाळकपदाची दीक्षा. नाही मिळाले तर परत नगर, परत तिसरीचा वर्ग, परत पाढे. तिथले हेडमास्तर माझे थोरले साडू आहेत. निघताना ते हसून म्हणाले की तुमची जागा मी भरत नाही, मोकळीच ठेवतो. ते हसू माझ्या डोक्यातून जात नाही.

देऊळ, म्हणजे आमचे चर्च, जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या मैदानात आहे. दगडी भिंती, वर कौले, पश्चिमेच्या बाजूला लांब ओसरी, तिच्यावरचे छप्पर उडालेले, खांब तेवढे उभे. आत बाके नाहीत. दोन सतरंज्या, एकीवर बायका आणि एकीवर पुरुष. आवाज चांगला घुमतो. कोणी नसताना मी घुमवून पाहिला.

चौदा रविवार, चौदा उपदेश. विषय एकच: अरण्यात देवासाठी उभारलेला तंबू. त्याच्या फळ्या, त्याच्या कड्या, पडदे, पडद्यांची मापे. हा विषय या प्रांतात आजवर कोणी इतक्या खोलात नेला नसेल. प्रत्येक उपदेश सव्वा तासाचा आहे. सत्यवतीला, म्हणजे माझ्या पत्नीला, गाडीत पहिला वाचून दाखवला. तिला पुढच्या स्टेशनाच्या आधीच झोप लागली. प्रवासाचा शीण.

रविवार, ८ जानेवारी.

पहिली उपासना. मोठी माणसे त्रेसष्ट. मुले किती ते सांगता येत नाही, कारण ती मोजून होईपर्यंत एका जागी राहत नाहीत.

बोरांचे दिवस आहेत. प्रत्येक आईने पोराला गप्प ठेवण्यासाठी ओचा भरून बोरे आणली होती आणि प्रत्येक बी जमिनीवर होती. चपला दाराशी काढायची इथे रीत आहे. शास्त्रपाठ संपवून मी पुढे पाऊल टाकले आणि पुढचे वाक्य मनात ठरवले होते त्यापेक्षा वेगळे निघाले.

बंडू म्हणून साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे. त्याची आई माणिकबाई जिनमध्ये कापूस निवडते आणि मंडळीत गीते तीच उचलून धरते. आवाज खणखणीत आहे. बाप उद्धव तिथेच कापसाच्या गाठींच्या प्रेसवर. हा बंडू आईकडून बापाकडे आणि बापाकडून आईकडे अकरा वेळा गेला, प्रत्येक वेळी माझ्या समोरून. बाराव्या वेळी तो मध्येच बसला आणि माझ्या वाक्यांचे शेवटचे शब्द माझ्यामागून म्हणू लागला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

नंतर मंडळीचे वडील, म्हणजे पंच, वामनराव भेटले. म्हणाले, "चांगलं झालं, मास्तर. थोडं लांबलं." पोरांच्या व्यत्ययामुळे लांबले हे त्यांच्याही ध्यानात आले म्हणायचे.

मंगळवार, १० जानेवारी.

वामनरावांना भेटायला दवाखान्यात गेलो. ते कंपाउंडर आहेत, आणि मंडळीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. खलात काहीतरी कुटत होते. मी पोरांचा विषय काढला. ते म्हणाले, "लेकरं हायेत, मास्तर. चूप बसले तं मी त्यायले दवाई देतो."

औषध देऊन मुलांना गप्प करणे मला योग्य वाटले नाही आणि मी तसे स्पष्ट सांगितले. ते पुन्हा कुटू लागले, आधीपेक्षा जोराने.

रविवार, १५ जानेवारी.

उपाय पहिला. लहान मुले असलेल्या मातांना मागे, दाराजवळ बसवले. हेतू असा की आवाज दाराबाहेर जावा. आवाजाऐवजी मुले गेली. त्यांच्यामागे माता गेल्या. दार उघडे राहिले आणि किसनरावांची शेळी आत आली.

किसनरावांचा मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा आहे. ते मळ्यातली पहिली मेथी देवाला वाहायला आणतात, आणि ती जुडी समोर मेजावर ठेवलेली होती. शेळी दोन सतरंज्यांच्या मधून सरळ चालत आली, न घाबरता, आणि माझ्या डोळ्यांसमोर देवाची मेथी खाऊ लागली. मी बोलत राहिलो. मंडळी टक लावून पुढे पाहत होती, एकही डोळा मिटलेला नव्हता. इतके लक्ष मला याआधी कधीच मिळाले नव्हते हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

रविवार, २२ जानेवारी.

उपाय दुसरा. उपदेशाच्या आधी अत्यंत सौम्य शब्दांत जाहीर केले की ज्या मातेचे मूल रडेल तिने त्याला ताबडतोब बाहेर न्यावे आणि ते शांत झाल्यावरच आत यावे. वाक्य दोनदा वाचले, कारण चांगले झाले होते.

माणिकबाईने माझ्याकडे पाहिले, बंडूला कडेवर घेतले आणि ती बाहेर गेली. बंडू त्या वेळी रडत नव्हता.

रविवार, २९ जानेवारी.

संपूर्ण शांतता. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मोठी माणसे एकावन्न. माणिकबाई नव्हती, आणखी पाच जणी नव्हत्या, त्यांचे नवरेही नव्हते. सर्दीची साथ असावी.

गीत उचलायला कोणी नसल्यामुळे मीच उचलले. सूर जरा वर लागला. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी आणि वामनराव उरलो होतो, तिसऱ्याला वामनरावांनी हात टेकले. तरी शांततेचे समाधान मोठे आहे. घरी आल्यावर सत्यवतीला विचारले, कशी वाटली शांतता. ती म्हणाली, "खिचडी आहे."

गुरुवार, २ फेब्रुवारी.

सकाळी वामनराव घरी आले. सर्दीची साथ नाही असे कळले. माणिकबाई सभासद आहे, त्या पाच जणीही आहेत, आणि वामनराव म्हणतात की या गावात नवरे बायकोला विचारूनच मत देतात. सहा आणि सहा बारा. मुलांसाठी उपासनेत काहीतरी सोय करणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे हे मला एकदम जाणवले.

सत्यवती म्हणाली, ओसरी रिकामीच असते. तिथे चटई टाकून जयवंताबाईंनी मुलांना गोष्टी सांगाव्यात. जयवंताबाई या मंडळीच्या प्रचारिका, चाळिशी उलटलेल्या, मोठ्या दुष्काळात आईबाप गेल्यावर मिशनमध्ये वाढलेल्या. आसपासच्या खेड्यांत, पार अकोटपर्यंत, घरोघर जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगतात. त्या म्हणतात की बाई चुलीवर दूध ठेवून ऐकायला बसते, ते उतू जायच्या आत गोष्ट संपवावी लागते. शिक्षण चौथीपर्यंत.

कल्पना सत्यवतीची, पण तिला आकार मी दिला. मुले आपल्या मर्जीने काहीही ऐकतील हे बरे नव्हे, म्हणून दर शनिवारी मी माझा उपदेश जयवंताबाईंना लिहून देणार. आत जे चालेल तेच बाहेर. शिवाय दर रविवारी दोन मदतनीस, पाळीपाळीने.

संध्याकाळी माणिकबाईकडे जाऊन आलो. ओसरीचे सांगितले. ती म्हणाली, "येऊ." गुळाचा चहा दिला. दिलगिरी व्यक्त करण्याचा तसा प्रसंग आला नाही.

रविवार, ५ फेब्रुवारी.

उत्तम. मुले चौदा, सगळी ओसरीवर. मदतनीस दोन. आत शांतता, आणि गीतेही झाली. हे मला आधीच सुचले कसे नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी.

मंडळीत सेवाभाव वाढतो आहे. आज चौदा मुलांना सांभाळायला नऊ जण स्वतःहून उठले. त्यांत किसनराव. त्यांची नातवंडे तिवशाला असतात, इथे त्यांचे एकही मूल नाही, तरी म्हणाले, "मी बी पाहतो लेकरायकडे." मला भरून आले.

मंगळवार, २१ फेब्रुवारी.

आज सत्यवती "काहून" म्हणाली. मी दुरुस्त केले, "का" म्हणावे. तिने विचारले, "काहून?"

रविवार, ५ मार्च.

मुले चौदा. मदतनीस एकतीस.

आत सतरा, पैकी दोघांना ऐकू येत नाही आणि चौघे झोपले होते. ओसरीवर जाऊन सेवा करणाऱ्यांचे मी उपदेशातून कौतुक केले, पण ती सगळी मंडळी बाहेरच असल्यामुळे ते त्यांच्यापर्यंत पोचले नाही. फळ्यांखालच्या चांदीच्या बैठकांवर बोलत असताना, म्हणजे अत्यंत गंभीर ठिकाणी, बाहेरून मोठा हशा आला. मुलांना आवरायला आणखी माणसे लागतील असे दिसते.

सत्यवतीही मदतनीस म्हणून ओसरीवरच असते. महिना झाला, तिची मदत संपत नाही.

रविवार, १२ मार्च.

आज जे पाहिले ते लिहावे की नाही याचा दुपारभर विचार केला. लिहितो.

दहावा उपदेश, बकऱ्याच्या केसांचे पडदे. गीत सुरू असताना लक्षात आले की अकरावे पान कागदांत नाही. काल जयवंताबाईंना दिलेल्या प्रतीत गेले असणार. कडवी पाच होती, म्हणून बाजूच्या दाराने ते आणायला ओसरीवर गेलो.

ओसरीच्या मधोमध वामनराव उभे होते, दोन्ही हात आडवे पसरून. मंडळीचे ज्येष्ठ वडील. त्यांच्या एका हातावर आणि डोक्यावर माणिकबाईचे काळे घोंगडे, घोंगड्याचे दुसरे टोक किसनरावांच्या खांद्यावर, तिसरे उद्धवने धरलेले. खाली मुले दाटीवाटीने बसली होती. भोवती मंडळी. माझी सगळी मंडळी. चौथ्या टोकाला सत्यवती होती, आणि ती हसत होती. ती अशी हसते हे मी विसरलो होतो.

कोणी मला पाहिले नाही. मी खांबामागे थांबलो.

जयवंताबाई सांगत होत्या, "वामनराव, हालू नका, तंबू पडन. हं, तं लोक देवाले म्हणे, तुले दगडाचं मंदिर काहून नाई पाहिजे? देव म्हणे, तुमी तं चालून राह्यले. लेकरं कडेवर घेऊन चालून राह्यले. मी दगडाच्या घरात बसलो तं तुमच्यासंगं कसा येऊ? माह्यासाठी बी तंबूच ठोका."

घोंगड्याखालून एका मुलीने, तिचे नाव बहुधा कुंदा, विचारले की तिथे लेकरे रडत होती का.

"रडे ना वं. चाळीस वर्सं रडले. थे मोठे झाले, त्यायचे लेकरं आले, थे बी रडले. देवाचा तंबू त्यायच्या मधातच होता. त्याले आदत पडून गेली."

मग बंडूने घोंगडे ओढले, वामनराव तंबूसकट खाली बसले आणि फुटाणे वाटले गेले. मी घड्याळ पाहिले. नऊ मिनिटे.

तो माझाच उपदेश होता. एक आठवडा मी त्यावर घालवला होता. आत गेलो तेव्हा जी अकरा माणसे उरली होती ती पाचवे कडवे चौथ्यांदा म्हणत होती. अकरावे पान वगळून उपदेश पूर्ण केला. कोणालाही फरक कळला नाही, आणि हे सगळ्यात जास्त लागले.

सोमवार, १३ मार्च.

सत्यवतीला जाब विचारला. उपासना आत असते, बाहेर नाही. ती भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "तुमचे नऊ उपदेश मी घरी ऐकले, त्यांतले चार देवळातही ऐकले. तंबू कशासाठी होता ते मला काल कळलं."

मी विचारले, मग गेली सहा वर्षे मी काय सांगत होतो. ती म्हणाली, "मापं."

ओसरी बंद. तसा निरोप पाठवला आहे. सगळ्यांनी आत बसावे, मुलांसकट, आणि माझे ऐकावे. माझे म्हणणे नऊ मिनिटांत मावते असे ज्यांना वाटते त्यांना दाखवून देईन.

रविवार, १९ मार्च.

सगळे आत होते. मधल्या पडद्यावर बोलायला लागलो तेव्हा बंडूने मोठ्याने विचारले, "तंबू कवा ठोकतो?" चौदाच्या चौदा मुले माझ्याकडे आशेने पाहत राहिली. पुढचे लिहीत नाही.

रविवार, ९ एप्रिल.

चौदावा उपदेश झाला. मंडळी अडतीस. ऊन असे की कौलांखाली डोके भाजते. माणिकबाई येते, बंडू कुरकुरला की न सांगता उठून बाहेर जाते, परत येते. गीत उचलते, पण पहिल्यासारखे नाही.

वामनराव म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? मतं अर्धे-अर्धे हायेत." साडूंचे पत्र आले आहे: जागा अजून मोकळी आहे, शाळा जूनमध्ये सुरू होते, कळवावे.

पत्र सत्यवतीने वाचले. घडी घालून ठेवले आणि म्हणाली, "मला परत जायचं नाही."

मी म्हणालो की माझ्या पाळकपदासाठी मीही जिवाचे रान करतो आहे. ती म्हणाली, "तुमच्या पदाचं नाही. माझं सांगते. तिथे सहा वर्षं मी हेडमास्तरांची मेहुणी आणि तुमची बायको. इथे चौदा पोरं मला मावशी म्हणतात. तुम्ही ओसरी बंद केली तेव्हा माझं काय गेलं ते एकदा तरी विचारायचं."

मी विचारले नव्हते. आजही न विचारता शुक्रवारच्या उपासनेची पाने लिहायला बसलो.

शुक्रवार, १४ एप्रिल. उत्तम शुक्रवार.

अक्षर वाईट आहे, कारण उजवा हात दुखतो आहे. कारण पुढे येते.

प्रभूला क्रूसावर खिळले तो दिवस, म्हणून बारा ते तीन उपासना. क्रूसावरचे सात उद्गार, प्रत्येकावर पंचवीस मिनिटे. सोमवारच्या आधी ही माझी शेवटची संधी होती आणि मी एकशे बारा पाने लिहिली होती. दारे उघडी, बाहेरून झळा. बायका पदराने वारा घेत होत्या. चार उद्गार झाले तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि वामनराव बसल्या बसल्या एका बाजूला कलले होते.

पाचवा उद्गार तहानेचा. मी त्याचे मथळे केले होते: तहानेचे चार प्रकार. पहिला प्रकार सुरू केला आणि बंडू रडू लागला. मी थांबलो नाही. माणिकबाई उठली, त्याला घेतले आणि बाजूच्या दाराने ओसरीवर गेली.

ओसरी पश्चिमेला. दोन वाजता तिथे सावलीचा टिपूस नसतो. खिडकीतून ती मला दिसत होती. पोराचे डोके पदराखाली घेऊन ती उभी होती आणि एकदा हा पाय उचलत होती, एकदा तो. चपला पुढच्या दाराशी होत्या. तिच्या पायांखालचा दगड तापलेला होता आणि मी आत तहानेचा दुसरा प्रकार वाचत होतो.

पुढची ओळ वाचता आली नाही. पाने मेजावर ठेवली. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

बाजूच्या दाराने बाहेर गेलो. माझे पाय भाजले. मी म्हणालो, "बाई, आत चला."

ती म्हणाली, "रडून राह्यला, मास्तर. तुमीनंच सांगतलं होतं, चूप झाल्याबिगर आत आणू नका." आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपे गेले असते.

"मी चुकलो," मी म्हणालो. "रडला तरी आत चला."

बंडूला मीच घेतले. आश्चर्याने तो गप्प झाला. तो दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जड आहे. दाराजवळच्या माठातले पाणी त्याला दिले, तो दोन पेले प्याला, आणि घटाघट आवाज सगळ्या देवळाने ऐकला. एकशे बारा पाने समोर होती, पण एका हातात पोर असताना पाने उलटता येत नाहीत. मी एवढेच सांगितले की प्रभूने पाणी मागितले आणि त्याला आंब मिळाली, आंबून गेलेला द्राक्षारस. इथे कोणाला तहान लागली तर उन्हात उभे राहावे लागू नये, आणि तीन महिने मी इथे लोकांना नेमके तेच करायला लावले. नंतर माठ मंडळीत फिरला. सगळे प्याले.

सहावा आणि सातवा उद्गार पानांशिवाय झाला. सहाव्याला बंडू माझ्या खांद्यावर झोपला. सव्वादोन वाजताच सगळे संपले. उरलेल्या वेळाचे काय करायचे कोणाला कळेना, उठावे तर उत्तम शुक्रवार. मग माणिकबाईने गीत उचलले आणि मंडळी तीन वाजेपर्यंत गात होती. सूर मी लावला नाही.

घरी आल्यावर सत्यवतीला विचारले की ओसरी बंद केली तेव्हा तिचे काय गेले. ती सांगत होती, मी ऐकत होतो. ते इथे लिहिण्यासारखे नाही, तिचे आहे.

रविवार, १६ एप्रिल. पुनरुत्थानाचा रविवार.

ओसरी उघडी. ज्याला जिथे बसायचे तिथे बसावे, आत, बाहेर, दारात. मुले सगळीकडे होती. उपदेश अठरा मिनिटांचा ठरवला होता, पस्तीस झाला. वामनराव म्हणाले, "सुधारून राह्यले."

सोमवार, १७ एप्रिल.

मतदानाच्या वेळी उमेदवाराने बाहेर थांबायचे अशी इथली रीत. सभासद सगळे आत, म्हणजे मुलांच्या आया आत, बाप आत, जयवंताबाईही आत. सत्यवती वामनरावांच्या शेजारी नावांची यादी धरायला. ओसरीवर मी आणि चौदा मुले.

माझे सगळे लक्ष दाराकडे होते. माझ्याविषयी आत काय बोलतात ते ऐकायला मी दाराच्या फटीला कान लावला, तर बंडूनेही माझ्याशेजारी लावला आणि मग उरलेल्या तेरा जणांनी. एकही शब्द ऐकू येईना. मी म्हणालो, गप्प बसा, आत माझे नशीब ठरते आहे. कुंदाने विचारले, नशीब कसं असते. एक धाकटे रडू लागले, ते पाहून दुसरे. मी दम दिला, तिसरे रडू लागले. मग नाइलाजाने मी दाराकडे पाठ करून बसलो आणि म्हणालो की एक माणूस होता, देवाने त्याला एकीकडे जायला सांगितले आणि तो पळून भलतीकडे गेला, आणि त्याला एका मोठ्या माशाने गिळले आणि तीन दिवस पोटात ठेवले.

बंडू म्हणाला, मासा तो होणार. मग गिळायला माणूस पाहिजे, तो मी झालो. ओसरीवर पडलेली जुनी सतरंजी अंगावर घेऊन मी माशाच्या पोटात बसलो आणि आतून सांगू लागलो की इथे अंधार आहे, माशांचा वास आहे, आणि मी सारखा स्वतःचेच बोलत आलो, देवाचे ऐकले नाही. हे शेवटचे गोष्टीत नव्हते, तोंडून निघाले. मुलांनी विचारले, मंग? मी सांगत राहिलो. किती वेळ गेला ते मला माहीत नाही; घड्याळ सतरंजीबाहेर होते.

वामनरावांचा आवाज आला, "मास्तर, मत झालं."

मी सतरंजीतूनच म्हणालो, "जरा थांबा, अजून तिसरा दिवस उजाडायचा आहे."

ते थांबले. त्यांच्यामागून आणखी पावले आली आणि तीही थांबली. तिसरा दिवस उजाडला, बंडूने मला किनाऱ्यावर टाकले, आणि सतरंजी काढून पाहतो तो ओसरीवर सगळी मंडळी बसली होती, माणिकबाई पुढे, जयवंताबाई हनुवटीला हात लावून, सत्यवती कागद हातात घेऊन. त्या कागदावर माझे काय लिहिले आहे हे विचारायचे मी विसरलो होतो.

वामनरावांनी कागद घेऊन वाचला. हो म्हणणारे एकोणपन्नास. नाही म्हणणारे नऊ. मला बोलायचे होते, पण "आभारी आहे" एवढेच म्हणून मी मुलांत खाली बसलो. पाळक म्हणून माझे पहिले भाषण असे झाले. वामनराव म्हणाले, लांबले नाही.

बंडूला मतांचे काही नव्हते. मासा अजून उपाशी आहे, असे त्याने सगळ्यांना सांगितले आणि वामनरावांचे धोतर धरले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग चष्मा काढून सत्यवतीकडे दिला आणि सतरंजीखाली गेले. आम्ही सगळे ते किनाऱ्याला लागेपर्यंत थांबलो.